वीजकेंद्रातील पोलादाचे वय : उर्वरित आयुष्याचा अंदाज कसा बांधला जातो

आनेकल, बंगळुरू : बंगळुरू शहराच्या आग्नेयेस, तमिळनाडूच्या सीमेला भिडलेल्या आनेकल तालुक्यात कोळशावर चालणारे वीजकेंद्र नाही. जिगणी, बोम्मसंद्र आणि अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहतींना लागणारी वीज राज्याच्या आणि दक्षिण विभागाच्या पारेषण जाळ्यातून येते. या जाळ्याला वीज पुरवणाऱ्या केंद्रांपैकी रायचूर जिल्ह्यातील शक्तिनगर येथील केंद्राची क्षमता १,७२० मेगावॉट असून त्याचा पहिला संच १९८५ मध्ये कार्यान्वित झाला. वीजदर निश्चित करताना कोळशावरील संचाचे उपयुक्त आयुष्य २५ वर्षे धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने हा संच केव्हाच ‘निवृत्त’ व्हावयास हवा होता. महाराष्ट्रातही नाशिकजवळच्या एकलहरे येथील २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळातले आहेत.

पंचविशी उलटलेला संच चालवावा की थांबवावा, याचे उत्तर दिनदर्शिकेत मिळत नाही. बॉयलरच्या नळ्या, वाफेच्या वाहिन्या, टर्बाइनचा दांडा आणि त्यावरील पाती यांच्या धातूत गेल्या काही दशकांत काय घडले, यावर ते अवलंबून असते. धातूतील हा बदल हुडकून काढणे आणि भाग आणखी किती तास काम देईल याचा अंदाज बांधणे, या कामास ‘उर्वरित आयुष्याचे मूल्यांकन’ म्हटले जाते. देशातील या कामाचे एक प्रमुख केंद्र बंगळुरूतच आहे. केंद्र सरकारने १९६० मध्ये स्थापन केलेल्या आणि ‘सीपीआरआय’ या लघुनामाने परिचित असलेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे मुख्यालय या शहरात असून, तिचे औष्णिक संशोधन केंद्र नागपूरनजीक कोराडी येथे, वीजकेंद्राच्या शेजारीच आहे.

औष्णिक केंद्रातील २०० किंवा २१० मेगावॉटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची आणि वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाबाची असते. सामान्य तापमानात पोलादावर मर्यादेतील भार कितीही वर्षे ठेवला तरी ते वाढत नाही. साधारण ४०० अंशांच्या पुढे मात्र स्थिती पालटते. भार सुरक्षित मर्यादेत असला तरी धातू अतिशय मंद गतीने, वर्षाला केसभरही नाही इतका, ताणला जात राहतो. अभियंत्यांच्या भाषेत याला ‘क्रीप’ म्हणतात. धातूच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात, त्या एका रांगेत येतात, एकमेकींस जोडल्या जाऊन सूक्ष्म तडा पडतो आणि अखेर नळी फुटते. त्याच काळात पोलादाला बळ देणारी कार्बाइडची रचना विस्कटते. पातळ पापुद्र्यांसारखे असलेले कार्बाइड गोळा होऊन त्याचे मणी बनतात आणि धातू मऊ पडतो. बाहेरून पाहणाऱ्यास यातील काहीच दिसत नाही. नळी तीच, जाडीही जवळपास तीच.

या ऱ्हासावर तापमानाचा प्रभाव किती तीव्र असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. अमेरिकेतील एफ. आर. लार्सन आणि जे. मिलर यांनी १९५२ मध्ये मांडलेले समीकरण आजही या क्षेत्रात वापरले जाते. धातूचे तापमान आणि तो तुटेपर्यंतचा काळ यांची सांगड त्यात एका राशीत घातलेली आहे. त्यानुसार ५४० अंशांवर एका ठराविक ताणाखाली एक लाख तास टिकणारी नळी त्याच ताणाखाली ५५० अंशांवर सुमारे पन्नास हजार तास टिकते आणि ५६० अंशांवर जेमतेम पंचवीस हजार. केवळ दहा अंशांनी आयुष्य निम्म्यावर येते. बॉयलरमध्ये शेजारशेजारच्या दोन नळ्यांतही दहा-वीस अंशांचा फरक सहज पडू शकतो. एखाद्या नळीत वाफेचा प्रवाह कमी असेल, तिच्यासमोर ज्वाला अधिक प्रखर असेल किंवा आतील बाजूस ऑक्साइडचा थर साचला असेल, तर असे घडते. त्यामुळे ‘बॉयलरचे वय’ ही संकल्पनाच काहीशी फसवी ठरते. एकाच दिवशी बसवलेल्या शेकडो नळ्या वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या होत असतात.

एक लाख तास हा आकडा भारतीय कायद्यातही आहे. सलग चालणाऱ्या संचाचे ते साडेअकरा वर्षांपेक्षा किंचित कमी होतात. देखभालीचे बंद धरले तर तेरा-चौदा वर्षे. १९५० च्या भारतीय बाष्पक विनियमांतील ३९१-अ या तरतुदीनुसार ४०० अंश किंवा त्याहून अधिक तापमानात काम करणाऱ्या भागांची एक लाख तासांनंतर विनाविध्वंस चाचण्यांद्वारे तपासणी करून उर्वरित आयुष्य ठरवावे लागते. त्याहून कमी तापमानात चालणाऱ्या बॉयलरसाठी २५ वर्षांचा निकष आहे. तपासणी मान्यताप्राप्त संस्थेनेच करावयाची असते. तिचा निष्कर्ष समाधानकारक असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा संस्थेने सुचवलेल्या त्याहून कमी काळापर्यंत वापराची मुदत वाढवून मिळते. या विनियमांचा आधार असलेल्या १९२३ च्या बाष्पक कायद्याची जागा २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने घेतली आहे.

एक लाख तास पूर्ण झाले म्हणजे नळीचा शेवट जवळ आला, असेही नाही. संकल्पन करताना धातू एक लाख तासांत ज्या ताणाखाली तुटेल तो ताण आधार मानला जातो आणि प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांशाइतकाच ताण अनुज्ञेय असतो. ही शिल्लक राखून ठेवलेली असल्यामुळे, पाणी शुद्ध आणि तापमान आटोक्यात राहिले तर अनेक भाग दोन लाख तासही विनातक्रार चालतात. मूल्यांकन म्हणजे या शिलकीतील किती खर्च झाली, याचा हिशेब होय.

परांची, पॉलिश आणि प्लास्टिकची फिल्म

हे काम संच देखभालीसाठी बंद असतानाच करता येते आणि वेळ मोजका असतो. बॉयलरच्या आत आणि वाफेच्या वाहिन्यांभोवती परांची बांधली जाते. वाहिन्यांवरील उष्णतारोधक लॅगिंग ठरलेल्या जागी उतरवले जाते. या जागा आधी निवडाव्या लागतात: वाहिनीची वळणे, टी-आकाराचे फाटे, हेडरला नळ्या जोडणारे सांधे, झडपांलगतचे वेल्ड. ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंतीची जाडी मोजणे, चुंबकीय चूर्ण किंवा रंगद्रव वापरून पृष्ठभागावरील भेगा शोधणे, काठिण्य तपासणे ही पहिली फळी झाली. हेडरच्या आत डोकावण्यासाठी लवचिक दुर्बीण घातली जाते, कारण दोन छिद्रांमधील अरुंद पट्टीत आतून सुरू होणारी भेग बाहेरून दिसत नाही.

क्रीपचा थेट माग लावणारी पद्धत मात्र ‘रेप्लिका’ ही आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा भाग क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांनी घासून, हिऱ्याच्या लेपाने आरशासारखा चकचकीत केला जातो. अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लाने त्यावर कणांच्या सीमा उठवल्या जातात. मग ॲसिटोनने मऊ केलेली सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म त्यावर दाबून बसवतात आणि वाळल्यावर अलगद सोलून काढतात. धातूला जराही इजा न होता त्याच्या अंतर्रचनेचा ठसा फिल्मवर उमटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली नळीचा तुकडा न कापता तो वाचता येतो. जर्मनीत विकसित झालेल्या वर्गीकरणानुसार तुरळक पोकळ्या दिसल्या तर केवळ नोंद ठेवतात. पोकळ्या एका दिशेने रांगेत आल्या तर ठराविक अवधीनंतर त्याच जागी पुन्हा ठसा घेतात. सूक्ष्म तडा दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत मर्यादित काळच वापर करतात आणि मोठी भेग असेल तर तो भाग तत्काळ काढतात.

या पद्धतीची मर्यादा जाणकार जाणतात. ठसा पृष्ठभागाचाच मिळतो. जाड भिंतीच्या पोटात काय चालले आहे, ते त्यात येत नाही. शिवाय जुन्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादात पोकळ्या तुलनेने लवकर दिसू लागतात, तर अधिक तापमानासाठी आलेल्या नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादात त्या बऱ्याच उशिरा दिसतात. वेल्डच्या कडेला उष्णतेने मऊ पडलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे पोलाद तडकते. नवा, अधिक सरस धातू तपासणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अधिक अबोल निघाला आहे.

नळ्यांच्या बाबतीत आणखी एक सुगावा उपयोगी पडतो. वाफेच्या संपर्कात नळीच्या आतील बाजूवर लोहाच्या ऑक्साइडचा थर चढत जातो आणि त्याची वाढ तापमानावर अवलंबून असते. उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी या थराची जाडी बाहेरूनच मोजता येते. संच किती तास चालला हे ठाऊक असल्याने, इतकी जाडी येण्यासाठी धातूचे सरासरी तापमान किती असले पाहिजे, याचे गणित उलटे सोडवता येते. नियंत्रण कक्षातील तापमापक वाफेचे तापमान सांगतो. नळीच्या धातूने प्रत्यक्ष काय सोसले, ते हा थर सांगतो. दोन्हींत तफावत आढळली तर बहुधा थराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

अखेरीस काही नळ्यांचे नमुने कापून प्रयोगशाळेत नेले जातात. तेथे त्यांवर ताण देऊन ते तुटेपर्यंत तापवले जातात. प्रत्यक्ष तापमानात प्रयोग करायचा तर दहा वर्षे थांबावे लागेल. म्हणून तापमान वाढवून नमुना काही शे किंवा काही हजार तासांत तुटेल अशी व्यवस्था केली जाते आणि त्यावरून मूळ तापमानातील आयुष्य काढले जाते. साखळीतील हा दुवा सर्वांत नाजूक आहे. काही आठवड्यांच्या निरीक्षणावरून काही दशकांविषयी बोलावे लागते. त्यामुळे जबाबदार अहवालात आयुष्याचा आकडा एकटा येत नाही. ‘अमुक तापमान आणि दाब ओलांडला नाही तर’ ही अट त्यासोबत असते आणि पुढील तपासणीची तारीखही असते.

जेथे कोणी पाहिले नाही

वीजकेंद्रांतील गंभीर अपघातांचा इतिहास पाहिला तर चुकीच्या गणितापेक्षा न झालेली तपासणी अधिक वेळा कारण ठरलेली दिसते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या मोहावी केंद्रात ९ जून १९८५ रोजी पुन्हा तापवलेल्या वाफेची वाहिनी तिच्या लांबीच्या दिशेने असलेल्या वेल्डवर फाटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तोवर लक्ष प्रामुख्याने आडव्या सांध्यांवर असे. या घटनेनंतर लांबीच्या वेल्डची तपासणी जगभर सुरू झाली.

जपानमधील मिहामा अणुकेंद्राच्या तिसऱ्या संचातील ९ ऑगस्ट २००४ ची दुर्घटना त्याहून बोलकी आहे. फुटलेली वाहिनी अणुभट्टीची नव्हती. टर्बाइनकडील साध्या गरम पाण्याची होती आणि त्यातील पाणी १४० अंशांच्या आसपास होते. क्रीपचा येथे संबंधच नव्हता. वाहत्या पाण्याने पोलादावरील संरक्षक थर सतत विरघळवत नेल्याने दहा मिलिमीटर जाडीची भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाली होती. ध्वनिलहरींचे साधे उपकरण तेथे एकदा टेकवले असते तरी हे कळले असते. परंतु १९७६ मध्ये संच सुरू झाल्यापासून ती जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती. त्या वेळी आगामी देखभालीच्या तयारीसाठी कामगार इमारतीत होते. पाच जण दगावले.

भारतातील धडा नरोराचा आहे. उत्तर प्रदेशातील या अणुकेंद्राच्या पहिल्या संचात ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनच्या कमी दाबाच्या भागातील शेवटच्या रांगेतील दोन पाती तुटली. त्यामुळे झालेल्या प्रचंड कंपनांनी जनित्रातील हायड्रोजनला वाट मिळाली आणि मोठी आग लागली. अणुभट्टी सुरक्षित राहिली. पाती तुटण्याचे कारण धातूचा थकवा हे होते. भार कमी असूनही तो लाखो वेळा उलटसुलट होत राहिल्याने धातूत भेग पडते, तिला थकवा म्हणतात. विशेष म्हणजे संचाने व्यापारी उत्पादन सुरू करून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पात्याची नैसर्गिक कंपनसंख्या आणि टर्बाइनचा वेग यांचा मेळ जुळला तर दोन वर्षेही पुरतात. तेव्हापासून पात्यांची कंपनसंख्या तपासणे आणि त्यांच्या मुळाशी भेगा शोधणे हा देखभालीचा अविभाज्य भाग मानला जातो.

जुने तेवढे धोकादायक आणि नवे तेवढे निर्धोक, हे समीकरण ऊंचाहारच्या घटनेनेही खोडून काढले आहे. रायबरेली जिल्ह्यातील या केंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी ५०० मेगावॉटच्या अगदी नव्या संचाच्या बॉयलरमध्ये झालेल्या दुर्घटनेत चाळीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. तेथे धातूच्या वयाचा प्रश्न नव्हता. भट्टीत साचलेल्या राखेचा होता.

अणुकेंद्रांत उष्णतेच्या जोडीला प्रारणाचा मारा असतो आणि तपासणाऱ्यास जवळ जाता येत नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्याने ती वेगळी करण्यात आली आणि प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणण्यात आली. आयुष्य वाढवण्याचा हाही एक मार्ग असतो: भाग काढा, भार कमी करा, पण संच राखा. राजस्थान अणुकेंद्राच्या दुसऱ्या संचात मात्र १९९० च्या दशकात सर्वच्या सर्व ३०६ दाबनळ्या बदलाव्या लागल्या. झिर्कोनियमच्या त्या नळ्या वर्षांगणिक हायड्रोजन शोषून ठिसूळ होत होत्या. हायड्रोजन किती मुरला हे कळण्यासाठी पूर्वी नळीच बाहेर काढावी लागे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यावर उपाय म्हणून दूरनियंत्रित अवजार तयार केले. ते नळीच्या आतील पृष्ठभागावरून अगदी पातळ खरवड काढून आणते आणि तेवढ्यावर विश्लेषण होते. नळी जागेवरच राहते.

कोराडीचा सहावा संच आणि दुपारची सौरवीज

उर्वरित आयुष्याच्या अभ्यासाचे महत्त्व आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. जुन्या संचाच्या नूतनीकरणावर पैसा घालण्यापूर्वी काय वाचवता येईल आणि काय बदलावेच लागेल, हे या अभ्यासातूनच ठरते. कोराडीचा २१० मेगावॉटचा सहावा संच १९८२ चा. जागतिक बँकेने २००९ मध्ये मंजूर केलेल्या कोळसा केंद्र पुनर्वसन प्रकल्पात पश्चिम बंगालमधील बांडेलच्या पाचव्या संचाबरोबर त्याचा समावेश झाला. आयुष्य वाढवण्याइतकाच कोळशाचा वापर घटवण्यावर तेथे भर होता. त्याच कोराडीत जुने छोटे संच मोडीत निघाले आणि ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. एकाच आवारात ‘दुरुस्त करा’ आणि ‘नवे बांधा’ हे दोन्ही निर्णय झाले. खर्चाच्या तुलनेत दोन्ही बाजूंना वजन असते. जुन्या संचाला जमीन, पाणी, रेल्वेमार्ग आणि पारेषण वाहिनी तयार मिळते. नव्याची कार्यक्षमता निर्विवाद अधिक असते.

देशपातळीवर कल सध्या जुने संच राखण्याकडे आहे. विजेची मागणी वाढत असल्याने २०३० पर्यंत कोळशावरील संच निवृत्त करू नयेत आणि आवश्यक तेथे नूतनीकरण करावे, असा सल्ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. त्याच महिन्यात प्राधिकरणाने आणखी एक विनियम जारी केला. सौर आणि पवन ऊर्जेला वाट देण्यासाठी औष्णिक संचांनी आपला भार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास सक्षम व्हावे, असे त्यात अपेक्षित आहे. धातूच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकमेकींना पूरक नाहीत.

कर्नाटकात हे नेहमीच्या कामकाजातही दिसते. तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथील २,०५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासारखे प्रकल्प दुपारी पूर्ण भराने चालतात तेव्हा रायचूर, बळ्ळारी आणि येरमरस येथील औष्णिक संचांना मागे सरावे लागते आणि सूर्य मावळताच पुन्हा भार उचलावा लागतो. सलग चालणाऱ्या संचाचे वय तासांत मोजता येत असे. रोज चढउतार करणाऱ्या संचात ड्रम, हेडर, टर्बाइनचा दांडा अशा जाड भिंतींच्या भागांचा पृष्ठभाग लवकर तापतो, पोट उशिरा तापते आणि या फरकाने दर खेपेस ताण निर्माण होतो. थंड स्थितीतून संच सुरू करताना हा ताण सर्वाधिक असतो. क्रीपने पोकळ्या पडलेल्या धातूत थकव्याची भेग अधिक वेगाने सरकते. दोन्हींची बेरीज करून येणारे आयुष्य प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते, असे प्रयोगांत आढळले आहे.

जनित्राचीही गोष्ट वेगळी नाही. त्याच्या गुंडाळीवरील विद्युतरोधक आवरण तापमानातील प्रत्येक आठ ते दहा अंशांच्या वाढीगणिक निम्मे आयुष्य गमावते, हा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. सतत आकुंचन-प्रसरणाने हे आवरण तांब्यापासून सुटू लागते आणि मधल्या पोकळीत सूक्ष्म ठिणग्या पडतात. त्यांचे मोजमाप हेच येथील निदान.

त्यामुळे मूल्यांकन करणाऱ्या संस्था आता संचालकांकडे चाललेल्या तासांच्या नोंदीबरोबर आणखी माहिती मागतात. संच थंड, कोमट आणि तप्त स्थितीतून प्रत्येकी किती वेळा सुरू झाला, प्रत्येक खेपेस तापमान मिनिटाला किती अंशांनी वाढवले, कोणत्या नळ्या कोठे आणि केव्हा फुटल्या, बदललेल्या नळीचा धातू कोणता होता, हे सारे त्यांना हवे असते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या संचांच्या बाबतीत या नोंदी बहुधा कागदी वह्यांत असतात आणि पहिल्या काही वर्षांच्या वह्या सापडतीलच असे नसते. अशा वेळी पोलादावरील ठसा, नळीतील ऑक्साइडचा थर आणि मोजलेले काठिण्य यांवरूनच मागचा इतिहास जुळवावा लागतो. नोंदींत तूट जितकी जास्त, तितकी पुढील तपासणीची तारीख अलीकडे आणली जाते.